विमानातली खुर्ची उसवली त्याची गोष्ट

मी आता जे सांगणार आहे, त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. विमानात सलग चौदा तास बसल्यावर उतरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुटलो म्हणून नव्हे, उठावं लागलं म्हणून.

मंगळवारी हेच वाक्य मी वहिनींपुढे टाकलं, तेव्हा त्या भरलेल्या बॅगेतून कपडे काढून परत कपाटात ठेवत होत्या. तिकीट गुरुवारचं. तिकडे लेकीला नववा महिना लागलेला, जावई जहाजावर, घरात तांब्याभर पाणी द्यायला दुसरं माणूस नाही. आणि इकडे वहिनींनी सकाळीच जाहीर केलेलं की लेकीचं सगळं करीन, पण चौदा तास एका खुर्चीत बसणार नाही.

पुतण्याने जंग जंग पछाडलं होतं. मोबाईलवरून लांबच्या प्रवासाच्या सूचना वाचून दाखवल्या होत्या. सैल कपडे घाला, पाणी पीत राहा, तासातासाला पाय हलवा, आवडीचं काही ऐका. वहिनी म्हणाल्या, हे सगळं मी घरात करतेच आहे, त्यासाठी आकाशात कशाला जायचं? मग त्याने मला बोलावणं धाडलं, कारण विमानात बसून आलेला घरात मी एकटा. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे जाऊन आलो होतो. त्या प्रवासाची खरी हकिगत मी कोणालाच सांगितलेली नव्हती, आणि त्या दिवशीही सांगायचा विचार नव्हता.

विमान पडेल याची वहिनींना भीती नव्हती. पडलं तर बसणं तरी संपेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना धास्ती होती रिकाम्या हातांची. आमचं सोफे-खुर्च्या भरायचं दुकान. दादा लाकडाचं बघायचा, मी भरण भरून हातटाके घालायचो आणि वहिनी मशिनवर खोळी शिवायच्या. दुकान बंद झालं, दादा गेला, तरी त्यांच्या मांडीवर काही ना काही शिवायला असतंच.

"नुसतं बसायचं?" त्या मला म्हणाल्या. "चौदा तास? आणि हात कुठे ठेवायचे?"

मी म्हटलं, हात ठेवायला वेळ मिळाला तर ना. आणि सुरू झालो.

मला सीट मिळाली मधली. डाव्या हाताला एक दातांचा डॉक्टर, असा ऐसपैस की माझ्या सीटवरही थोडा तोच बसलेला. मी टेकलो आणि माझ्या माकडहाडाने ओळखलं, भरण चुकलंय. फोमचा चढ मागे, उतार पुढे. माणूस घसरत घसरत पुढच्याच्या पाठीला गुडघे लावतो आणि दोष देतो विमानाला. बनवणारा स्वतः एकदाही त्यावर बसलेला नसणार. पहिला तास मी सोसला. दुसऱ्या तासाला जेवणाच्या ताटातला चमचा घेतला आणि शिवण उसवली.

पुतण्या म्हणाला, काका, विमानातल्या खोळी चिकटपट्टीच्या असतात. मी म्हटलं, आमच्या विमानात नव्हत्या.

वहिनींनी विचारलं, सुई कुठून आणली? मला वाटलंच होतं, त्या विचारणार. माझं दाभण तपासणीवाल्यांनी काढून घेतलं होतं, ही गोष्ट खरी. तेव्हा मी चष्म्याची काडी मोडून काढली. स्क्रूचं भोक आयतंच, टोक खुर्चीच्या लोखंडावर घासून घेतलं, आणि दोरा काढला त्यांच्याच पांघरुणाच्या काठातून. फोम उलटा केला, मागच्या खळग्यात दोन पांघरुणं घडी करून ठासली, टाके घातले आणि बसलो. वहिनी, काय सांगू, पाठ, मांड्या, पोटऱ्या, ज्याचा भार त्याने उचलला.

डॉक्टर तासभर माझ्याकडे बघत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, माझंही करून द्या. दवाखान्यात लोक माझ्या खुर्चीत भीतभीत बसतात, आज मीच तसा बसलोय. त्याचं झालं आणि बातमी मागच्या रांगांपर्यंत गेली. चौथ्या तासाला संडासासमोरची रांग माझ्यासमोर लागलेली. कोणी फोम उलटा करायला, कोणी डोक्यामागची उशी खाली आणायला. हवाईसुंदरी रागवायला आली. मी म्हटलं, बाई, आधी टेका. ती बिचारी सकाळपासून उभी. टेकली ती टेकलीच. तिची गाडी मग डॉक्टरने ढकलली, आणि गोड मागणाऱ्याला दात दाखवायला लावून मगच दिलं.

इथे वहिनींच्या हातातला स्वेटर कपाटाकडे जाता जाता थांबला. मला चेव चढला.

मग वैमानिकाचं बोलावणं आलं, असं मी सांगितलं. पुतण्याने कपाळाला हात लावला. त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. वैमानिकाची खुर्ची तर सगळ्यांत वाईट. पण तिथे मी डोकं वापरलं. सगळं सारखं करून दिलं आणि डाव्या बाजूला, बरोब्बर बुडाखाली, फोमचा एक गोळा मुद्दाम ठेवला. त्या माणसाला झोप लागून कसं चालेल? तो म्हणाला, इथे काहीतरी टोचतंय. मी म्हटलं, साहेब, त्याच्यावरच आपण सगळे उडतोय.

आणि उतरताना जे झालं, ते माझ्या म्हातारपणाची शपथ घेऊन सांगतो. विमान थांबलं, पट्ट्यांचा दिवा विझला, आणि एकही माणूस उठला नाही. कोणी वरची बॅग ओढली नाही, कोणी कोणाच्या पायावर उभं राहिलं नाही. तीनदा सूचना झाली, कृपया उतरा. कोणी हलेना. डॉक्टर डोळे मिटून म्हणाला, आणखी एक चक्कर मारत असाल तर मी वेगळं तिकीट काढतो. शेवटी झाडणारे आले, त्यांनी आम्हाला एकेकाला हाताला धरून उठवलं. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून म्हणतो वहिनी, निघा. हातांना काम मिळेल, बुडाला आराम मिळेल, आणि पोचल्यावर लेक.

पुतण्या खिडकीबाहेर बघू लागला. वहिनी हसल्या नाहीत. त्या खाटेवर बसल्या, स्वेटरची घडी गुडघ्यावर दाबून दाबून सरळ केली, आणि ती बॅगेत ठेवली.

"भाऊजी, थापा मारताय," त्या म्हणाल्या. "चष्मा धडधाकट डोळ्यांवर असताना तुम्हाला कधी सुईत दोरा ओवता आला नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी तुमच्या डझनभर सुया मी ओवून ठेवायची. तिथे चष्मा मोडल्यावर कोणी ओवून दिला? आता मुकाट्याने खरं सांगा, चौदा तासांत किती वेळा उठलात? सीट मधल्या वाटेकडची मागायची की खिडकीची, ते याला विमानवाल्यांना आजच कळवायचंय."