नळाजवळचा पिंपळ

"बघा, चिटपाखरू नाय इथं!" शिवडीच्या खाडीकाठी उभं राहून रामदासने दोन्ही हात पसरले.

बुद्धविहारासाठी शांत जागा शोधायचं काम चाळीने त्याच्यावर सोपवलं होतं. बंदरातल्या गोदामात मुकादम असल्यामुळे हा किनारा त्याच्या पायाखालचा. समोर चिखलात बगळे, मागे चिंच, वर मोकळं आभाळ. बरोबरची मंडळी खूश झाली. त्याची वहिनी बकुळा मात्र पदर खोचून गप्प उभी होती. गिरणीत बॉबिनी भरणारी ही बाई गप्प राहिली की रामदास ओळखायचा, काहीतरी खटकलंय.

"काय वहिनी, नाय आवडली?"

"झकास हाय. पण चाळीपासनं लई लांब."

"लांब म्हणून तर शांत!"

"भावजी, गावी आपली वस्ती कुठं होती?"

रामदास चपापला. "गावाबाहेर. ओढ्यापल्याड."

"तिथंबी शांतच होतं. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आन आता बुद्धालाच गावाबाहेर बसवताय व्हय?"

रामदासला राग आला, तो स्वतःचाच. जागा शोधायला निघाला आणि पाय आपसूक वस्तीच्या टोकाला वळले होते.

"मग कुठं म्हणता?"

"नळाजवळ, पिंपळाखाली."

मंडळी हसली. नळ दोन चाळींचा, तिथे सकाळी हंड्यांची आणि तोंडांची एकच लढाई. "पलीकडच्या चाळीतली कोकणी माणसं ऐकतील?" रामदासने विचारलं.

"संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात एकत्र लाठ्या खाल्ल्या. आता कळंल, ऐकतात का ते," बकुळा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पिंपळाखालची जमीन सारवली, बुद्धाची तसबीर मांडली आणि हात जोडून, डोळे मिटून बसली. मनातून भ्याली होती, पण उठायचं नाही हे ठरलेलं होतं. नळाला पाणी आलं. हंडे आदळू लागले.

"ह्या काय मांडलंस गो?" पलीकडच्या चाळीतला धोंडू गुरगुरला. "रस्तो आमचोय आसा."

बकुळाने डोळे उघडले नाहीत.

"तुका जावक वाट आसा मां? मग जा," धोंडूची बायको लक्ष्मी म्हणाली. तिने आपला हंडा अलगद खाली टेकवला आणि मागच्या बायांना हाताने खुणावलं. दुसरा हंडा हळूच टेकला. मग तिसरा.

इतकी वर्षं बकुळा त्या नळावर पाणी भरत होती. पिंपळाची पानं वाजतात, हे तिला आज पहिल्यांदा ऐकू आलं.