कोंड्याच्या मडक्यातला हात

बहारीनमध्ये ऋतू दोनच: उकडणारा आणि जरा कमी उकडणारा. पण रिफा भागातल्या एका व्हिलात, जपानी काझुकोबाईंच्या स्वयंपाकघरात, चारही ऋतू वेळच्या वेळी हजेरी लावायचे. बाहेर गाडीच्या बॉनेटवर पापड भाजून निघायचा, तेव्हा आत बर्फाच्या पाण्यात बारीक शेवया पोहत असायच्या. हवा पालटली की भातात चेस्टनट, आणि मार्च लागला की बांबूचे कोंब. ते कोंब पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांचा स्वयंपाकी शिवदास म्हणाला होता, "एवढ्यासाठी जपान कशाला? आमच्या गुहागरात पावसाळ्यात हेच खातात."

ह्या सगळ्या ऋतूंचा सरपंच म्हणजे ओट्याखालचं मडकं. आत तांदळाचा कोंडा, मीठपाण्यात कालवून आंबवलेला. बाईंच्या आईच्या हातचा. उन्हाळ्यात त्यात काकडी-वांगी पुरायची, थंडीत मुळा, वसंतात कोवळे सलगम. दुसऱ्या दिवशी काढून, धुऊन कापायची, की झालं लोणचं. कायदा एकच: रोज उघड्या हातानं तळापासून ढवळायचं. ज्याचा हात रोज लागतो, त्याची चव कोंड्याला चढते.

शिवदासचा हात त्यात अकरा वर्षं रोज गेला होता. तापात गेला, ईदला गेला. एकदा उजवा हात प्लास्टरात होता म्हणून डावा घातला, तर मडकं आठ दिवस गाल फुगवून बसलं. झाकणसुद्धा उघडू देईना, असं तो शपथेवर सांगायचा.

बाई नि त्यांचे यजमान एप्रिलअखेर कायमचे ओसाकाला निघणार होते. तिकडे लेकीकडे ह्याच मडक्यातला कोंडा आधीच नांदत होता. मग इथलं कोणाला? बाई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या होत्या, "जिसका हाथ, उसका मडका." शिवदासनं ते मडकं मनात केव्हाच गुहागरच्या पडवीत नेऊन ठेवलं होतं.

पण फेब्रुवारीत शिवदासच्या लेकीचं लग्न निघालं. चाळीस दिवसांची रजा. मडक्यात हात कोण घालणार? बाईंच्या पाठीचं दुखणं जुनं, त्यांना वाकवत नव्हतं. शिवदासनं शिरीषला बसवलं. शिरीष त्याच घरचा ड्रायव्हर, त्याच्याच वाडीतला, मुहर्रकच्या खोलीत त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा. शिवदासनं त्याला हात धरून शिकवलं.

"अंगठी काढून ठेव. साबणाचा वास राहू देऊ नको. आणि घाई नको, म्हशीच्या पाठीवरून फिरवतोस तसा फिरव."

"अरे, लग्न लावून ये," शिरीष म्हणाला. "तुझ्या मडक्याला मी पोटच्या पोरासारखं जपतो."

शिवदास परतला तो लाडू घेऊन. खोलीवर बॅग टाकून थेट रिफाला गेला, बाह्या वर केल्या, मडकं ढवळलं आणि सलगम पुरले. दुसऱ्या दिवशी फोडी करून बाईंपुढे ठेवल्या. बाईंनी एक चावली आणि खूश होऊन मान हलवली.

"शिरीष का हाथ. अच्छा."

"नहीं बाई, हे मी केलं. कल."

बाई गोंधळल्या. "तू बनाया, लेकिन मडका शिरीष का हो गया. शिरीष बोला, शिवदास वापस नहीं आएगा. गाव में दुकान खोलेगा. मैंने उसको वादा दिया."

शिवदासनं एक फोड तोंडात टाकली. आंबटपणा जरा पुढं, मीठ मागं. शिरीषच. अकरा वर्षांचं मडकं, चाळीस दिवसांत परक्याच्या घरी नांदायला गेलेलं.

तो बाहेर आला. शिरीष गाडी पुसत होता.

"मी दुकान उघडतोय म्हणे?"

शिरीषनं फडकं पिळलं. "तुला गावात घर आहे, लेक आहे, जावई आला. मला काय आहे? मडकंच तर आहे ते, शिवदास."

"मडकंच असतं तर खोटं बोलला असतास?"

 शिरीष पुसलेलंच दार पुन्हा पुसू लागला.

निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी शिवदासला बरणीत मूठभर कोंडा दिला. त्यांचे डोळे भरले होते, पण वादा तो वादा. मडकं मुहर्रकला शिरीषच्या खाटेखाली गेलं, आणि शिवदास वळकटी काखेत मारून ईसा टाउनला हारूनच्या खोलीवर. हारून प्लंबर, बिहारचा, खाण्याच्या बाबतीत सरळ माणूस.

शिवदासनं त्या मूठभर कोंड्यात नवा कोंडा घालून बरणी भरली. रोज ढवळायचा, रोज एक काकडी पुरायचा, रोज चावून बघायचा. पहिले दिवस काकडी अशी शिरीषसारखी लागे की ती आता खोटं बोलेल असं वाटे. चाळीस दिवस झाले. हारून समोर बसून बघत होता.

"क्या हुआ? तेरा हुआ?"

शिवदासनं बराच वेळ चावलं. "अजून त्याचाच."

"तो फेंक दे ना. खलास. नया बना."

"नव्यात मी पहिल्या दिवसाचा असेन," शिवदास म्हणाला. "ह्यात कुठंतरी अकरा वर्षांचा आहे."

त्यानं अंगठी काढून खिडकीत ठेवली आणि मनगटापर्यंत हात बरणीत घातला.