एका ऑर्किडला एक माळ

इरांगनीने सळईच्या गोल टोकाने साखरेची पाकळी दाबत दाबत इतकी पातळ केली, की पलीकडचं बोट दिसू लागलं. तिचे ओठ हलत होते. मनगटाला गुंडाळलेली रोजरीची जपमाळ टेबलावर लोळून पांढरी झाली होती. शेवटचं 'आमेन' झालं, पाकळी तारेवर बसली, तेव्हाच तिने मान वर केली.

दाराजवळच्या खुर्चीत स्टेला अक्का वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या होत्या.

"झालं का गं? की अजून एखादा संत राहिलाय?"

"झालं, अक्का."

"मग भाव सांग. लेकीचं लग्न तोंडावर आलंय, आणि तू मला अजून आकडा सांगितलेला नाहीस."

कोपऱ्यात थर्माकोलचे पाच मजले आयसिंग लेऊन उभे होते. लग्नात मिरवायचा तो हा केक. पाहुण्यांना मिळतो तो खरा, रवा, काजू आणि गुलाबपाण्याचा. त्याचे तुकडे चंदेरी कागदात गुंडाळून छोट्या डब्यांत भरून ठेवले होते. आता फक्त साखरेची ऑर्किडं चढायची राहिली होती.

आजवर श्रीलंकेतल्या या वेन्नप्पुवा गावातल्या प्रत्येक नवरीच्या आईला इरांगनीने साखर, लोणी आणि तारांचा खर्च सांगितला होता, वर थोडंसं. वेळ किती लागतो असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, एका ऑर्किडला एक माळ जपून होते. घड्याळ ती बघत नसे. आणि माळेचे पैसे कसे घ्यायचे? मुलगी निपुनी इटलीत व्हेरोनाला गेल्यापासून रोजची प्रत्येक माळ तिच्याच नावाची होती.

हे तिने रविवारी फोनवर निपुनीला सांगितलं होतं. निपुनी हसली होती.

"अम्मा, मीसुद्धा इथे सांभाळते त्या म्हातारीचे पाय चोळताना तिच्याबरोबर माळ म्हणते. म्हणून काही त्या तासांचा पगार कुणी कापत नाही."

"आणि मेरीमातेला चालतं ते?"

"अजून तरी तिने काही विचारलेलं नाही."

तिथे राहण्याचे कागद होईपर्यंत निपुनीला तिथून हलता येत नव्हतं, हे आता दोघीही बोलून दाखवत नसत. "तूच ये ना," निपुनी म्हणाली होती, जेवलीस का विचारावं तसं.

इरांगनीने ओल्या फडक्याला हात पुसले.

"सामानाचे नेहमीचे घेईन, अक्का. त्यावर तासांचे. तीन ऑर्किडांना एक तास धरलाय." आणि तिने आकडा सांगितला. आवाज इतका खाली गेला, की तिला तो पुन्हा सांगावा लागला.

वर्तमानपत्र थांबलं.

"तासांचे? अगं, घरीच तर बसलेली असतेस."

"मी बसलेली असते. हात नसतात."

"बघा! पोरगी इटलीला गेली आणि आईला इटलीचा भाव आला." स्टेला अक्का हसल्या, पण खुर्ची पुढे ओढून घेतली. "बरं, ऐक. लग्न झालं की मी पोरांबरोबर मिलानला जातेय ना? तुझ्या निपुनीसाठी माझ्या सामानातून पाच किलो नेते. सुकी मासळी दे, मसाला दे, काय हवं ते दे. जावई व्हेरोनाला पोचवेल. हल्ली कुणी सख्ख्या बहिणीला एक किलो देत नाही. तू आपला जुनाच भाव ठेव."

फळीवर, बाकीच्या डब्यांपासून वेगळी, एक डबी होती. लग्नाचा केक बिनलग्नाच्या मुलीने उशाखाली ठेवला की स्वप्नात नवऱ्याचा चेहरा दिसतो. निपुनी इथे होती तोवर प्रत्येक लग्नातली डबी हक्काने मागून घ्यायची, आणि सकाळी चुरा झालेला केक चहात बुडवून खायची. 'कुणी दिसलं का गं?' विचारलं की म्हणायची, 'मुंग्या दिसल्या.'

ही डबी अक्कांबरोबर पाठवावी, म्हणूनच इरांगनीने बाजूला ठेवली होती. विचारायचा धीर होत नव्हता एवढंच.

तिचा हात फळीपर्यंत गेला. डबीवरची साखर बोटाने पुसून तो मागे आला.

"राहू दे, अक्का. तुम्हाला ओझं होईल."

"एवढीशी तर डबी."

"माझं मीच नेईन."

स्टेला अक्कांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू? विमानाने?"

"तिकिटापुरते जमले, की जाईन."

बाहेर मासळीवाल्याचा भोंगा वाजत गेला. स्टेला अक्कांनी एकदा त्या पाच मजल्यांकडे पाहिलं. मग त्यांनी पर्स उघडली.

"अर्धे आत्ता घे. आणि एक जरी पाकळी तुटली ना, तर तिचे कापून घेईन."

"कापा."

"खिडकीची जागा मागून घे," दारातून त्या म्हणाल्या. "नाहीतर देतात मधली."

त्या गेल्यावर इरांगनीने माळेचा एकेक मणी फडक्याने स्वच्छ केला. फळीवरची डबी घेऊन ती आतल्या खोलीत गेली. बिछान्याशी जरा थबकली; तिला चेहरा नवऱ्याचा नव्हता बघायचा. मग स्वतःची उशी उचलून तिने डबी खाली सरकवली, वरची सुरकुती तळहाताने सारखी केली, आणि बाहेर येऊन पुढच्या ऑर्किडसाठी साखरेचा गोळा तोडला.