बारा महिने चोवीस

जयपालआण्णांनी जन्मभर सांगलीजवळ बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज चालवलं. माल कोणत्या हवेत टिकतो आणि कोणत्या हवेत बिघडतो, हे त्यांनाच विचारावं. पण बायकोला कोणती हवा मानवेल, हे साठी उलटली तरी त्यांना उमगलं नव्हतं. गुणमालाअक्कांचा दमा असा नाठाळ, की उन्हाळ्यात धुळीनं उठायचा, पावसाळ्यात ओलीनं, आणि हिवाळ्यात त्याला निमित्तसुद्धा लागायचं नाही. गेल्या पौषात त्यांचे ओठ निळे पडले. डॉक्टर म्हणाले, असे फार हिवाळे झेपायचे नाहीत. ना ऊन ना गारठा, अशा जागी हलवा.

सांगायला काय जातं? आण्णांनी गाडीत थर्मामीटर टाकला आणि जागा हुडकायला निघाले. महाबळेश्वरला गेल्या पावसाची भिंतींना बुरशी. कराडला चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी ऊन असं तापलं की आगीतून फुफाट्यात. शिरवळला कारखान्यांचा धूर. अखेर आप्पासो नावाच्या जमिनीच्या दलालानं सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यामागच्या डोंगरातली एक खोबण दाखवली. तिथं तीन खोल्यांचं रिकामं घर होतं. फाल्गुनातल्या पहाटे थर्मामीटरनं चोवीस अंश दाखवले, चैत्रातल्या भर दुपारीही चोवीसच.

त्या दुपारी खाली माळावर माणदेशातल्या आकाराम धनगराची मेंढरं उन्हानं हैराण होऊन एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. आण्णांना नवल वाटलं.

"आकाराम, वर येवढा गारवा हाय. मेंढरं तितं का बसवत न्हाईस?"

"बसत न्हाईत, आण्णा. लय डाव नेऊन बघितली."

"का रं?"

"त्यांलाच इचारा." आकाराम हसला, मग हसू आवरून म्हणाला, "तितं गोचीड न्हाई, मुंगी न्हाई, माशी न्हाई. काय बी जगत न्हाई तितं. तुमी घेऊ नका ती जागा."

हे ऐकून दुसरा कुणी माघारी वळला असता. पण आण्णा पडले जैन. पाणी गाळून प्यायचं, आणि चातुर्मासात तर पायाखाली किडामुंगी सापडेल म्हणून पाऊलसुद्धा जपून टाकायचं. ज्या जमिनीवर चिरडायला मुंगीच नाही, तिथं पाप लागणार कुठून? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं त्यांना झालं. सौदा त्याच आठवड्यात ठरला. शहाणा माणूस चुकतो तो असा, आपल्या चांगुलपणाच्या वाटेनं.

श्रावणात दोघं राहायला गेली आणि आठ दिवसांत अक्कांचा खोकला थांबला. दम्याचा पंप कपाटात गेला. आण्णांना इतका आनंद झाला की ते अंगणात एकटेच हसत उभे राहिले. चारी बाजूंना पाऊस कोसळायचा, घरावर नुसती भुरभुर. गुळाचा डबा उघडा राहिला तरी मुंगी फिरकायची नाही. ओट्यावर विसरलेलं दूध तिसऱ्या दिवशीही नासलं नव्हतं. ते मात्र आण्णांनी गुपचूप ओतून टाकलं आणि बायकोला काही सांगितलं नाही.

भाद्रपदात दशलक्षण पर्व लागलं आणि अक्का जेवायच्या थांबल्या. पर्वातला उपवास म्हणजे जैनांच्या घरात मानाची गोष्ट. उपवास करणाऱ्याला भुकेचं विचारू नये, मन चळतं. म्हणून आण्णांनी विचारलं नाही. पर्वाचे दहा दिवस सरले, तरी अक्का ताटावर बसेनात. सोळा उपवास धरले असणार! आण्णांची छाती फुगली. त्यांनी सांगलीला फोन करून चार नातलगांच्या कानावरही घातलं. अक्का रोज झाडलोट करत होत्या, चेहरा टवटवीत होता, थकवा कसा तो नव्हताच.

सतराव्या दिवशी उपवास सोडायला आण्णांनी स्वतः मुगाचं पाणी केलं आणि वाटी पुढं धरली.

"घे. व्रत पुरं झालं."

"कसलं व्रत?"

"सोळा उपवासाचं."

"आवं, मी उपवास धरलाच न्हाई," अक्का म्हणाल्या. "भूकच लागली न्हाई."

आण्णांनी वाटी खाली ठेवली. त्यांनी अक्कांचं मनगट धरलं. ते गरम नव्हतं आणि गारही नव्हतं. त्यांनी छातीला कान लावला. चाळीस वर्षं झोपेतसुद्धा ऐकलेली ती घरघर नव्हती, पण तिच्या जागी दुसरंही काही ऐकू येत नव्हतं. मग एक श्वास आला. पुढचा येईपर्यंत आण्णांचा अख्खा णमोकार मंत्र म्हणून झाला.

"चल, सांगलीला जाऊ."

"तितं माझा खोकला परत यील. थंडीत मरीन मी."

"ठाऊक हाय मला."

"मग हितं काय वाईट हाय?"

सांगलीला नेली तर एखाद-दुसऱ्या हिवाळ्यात ती जाणार, हे आण्णांना दिसत होतं. इथं ठेवली तर ती कधीच जाणार नाही, हेही दिसायला लागलं होतं, आणि त्याचंच भय जास्त वाटलं. आवरून निघेपर्यंत दुपारचे चार वाजले. अक्का गाडीत येऊन बसल्या. रागावल्या नाहीत, कुरकुरल्या नाहीत, नुसत्या बसल्या.

घाट उतरला तसं भाद्रपदाचं ऊन अंगावर आलं. आण्णांनी काचा खाली केल्या. गरम वारा, ट्रकची धूळ, सगळं आत येऊ दिलं. सातारा मागं पडला, तरी अक्कांना ना घाम, ना ठसका. कराड जवळ आलं आणि त्या खोकल्या. एकदा, मग सारख्याच. आण्णांनी गाडी कडेला घेऊन पंप दिला. अक्कांच्या कपाळावर घाम फुटला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते बघून आण्णा रडले.

"भूक लागली," अक्का म्हणाल्या.

दिवस मावळला होता. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांपैकी कुणी सूर्य बुडाल्यावर अन्नाला शिवलं नव्हतं. आण्णांनी रस्त्याकडेच्या हॉटेलातून इडली आणली.

"दिवस बुडाला की," अक्का म्हणाल्या. "उद्या खाईन."

"पाप मला लागू दे. खा तू."

अक्कांनी खाल्लं. अधाशासारखं, खोकत, ठसकत, बोटं चाटत. तीन इडल्या संपल्यावर चौथी त्यांनी नवऱ्यापुढं धरली.

"तुमीबी घ्या. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तुमी."

"मला भूक न्हाई," आण्णा म्हणाले.

बोलले, आणि तिथंच थांबले. रोज ताटावर बसायचे खरे, पण घड्याळ बघून. भूक शेवटची कधी लागली, ते आठवेना. दोन तास त्यांच्या उजव्या अंगावर ऊन होतं आणि सदरा कोरडा ठणठणीत होता. अक्का इडली हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना खोकल्याची दुसरी उबळ आली, ती बराच वेळ चालली, आणि ती ओसरेपर्यंत आण्णांना एकदाही श्वास घ्यावा लागला नाही.