हनुवटीचं जाकीट

वकीलबाईंनी तो प्रश्न विचारला तेव्हा मी पिस्कॅटवेतल्या माझ्या स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. ओट्यावर लॅपटॉप, त्यात दोन चौकोन. एकात वकीलबाई, दुसऱ्यात माझी मुलगी इशिता. मला मीटिंगला बोलावण्याचं कारण एवढंच, की तिच्या जाकिटाचा पहिला नमुना मी पाहिला होता आणि पुढेमागे माझा जबाब लागला असता.

"तुम्ही पेटंटचा अर्ज केलात फेब्रुवारी २०२३ मध्ये," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्याच्या वर्षभराहून आधी हे जाकीट कुठे विकलंत, कुठे दाखवलंत, कुठे छापून आलं? अगदी चर्चच्या पत्रकातसुद्धा? समोरची कंपनी हेच शोधणार. एक कागद सापडला तर पेटंट गेलं म्हणून समजा."

"नोप. नथिंग," इशिता म्हणाली.

"आणि सर, तुम्हाला काही आठवतंय?"

मी नाही म्हणालो. चहा गाळून झाला होता, तरी गाळणं धरूनच उभा होतो.

अशा वेळी पोटात गोळा येतो म्हणतात. मला आला नाही. माझी बायको शैलजा जाऊन सहा वर्षं होत आली, तेव्हापासून माझ्या आत काही येत-जात नाही. दाढी करताना कापलं तर रक्त दिसतं, मग कळतं की कापलं. डॉक्टरला सांगितलं, त्यानं गोळ्या दिल्या. त्यांनी फक्त झोप येते. माझी तक्रार नाही. बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

तर जाकीट. इशिता पेन्सिल्व्हेनियातल्या डोंगरांत राहते आणि स्कीइंगचे कपडे डिझाइन करते. बर्फावरून उतरताना हल्ली सगळ्यांना कानात गाणी लागतात. मागून कुणी ओरडलं तर ऐकू येत नाही, मग टकरा होतात, पाय मोडतात. गाणं थांबवायचं तर हातमोजा काढा, आणि हातांत असतात काठ्या. काढलाच मोजा, तर तेवढ्यात बोटं बधिर होतात, बटण सापडत नाही. हिनं काय केलं, कॉलरच्या आत स्पर्श ओळखणाऱ्या खास धाग्याची एक पट्टी शिवली. हनुवटी कॉलरला टेकवली की गाणं थांबतं. हनुवटी उचलली की परत सुरू. बस, एवढंच. शोध असेच असतात, लागल्यावर वाटतं यात काय मोठंसं!

पेटंट गेल्या वर्षी हातात आलं. आणि या हिवाळ्यात एका बड्या कंपनीनं डिट्टो तशीच कॉलर दुकानांत आणली. इशिताकडे त्या पेटंटखेरीज दुसरं हत्यार नव्हतं. तिची कंपनी म्हणजे ती, दोन शिलाई मशीनं आणि भाड्याचं गॅरेज.

आता माझा पराक्रम सांगतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात ती पहिला नमुना घेऊन घरी आली होती. मी तीस वर्षं पंपांची ड्रॉइंग काढलेला माणूस. जाकीट उलटंपालटं केलं आणि तीन चुका काढल्या. पट्टी दोन मिलिमीटर वर हवी. घामानं ही शिवण सुटेल. आणि ज्याला मानच नाही अशा जाड्या माणसानं काय करायचं? तिनं तिन्ही गोष्टी फोनमध्ये लिहून घेतल्या, "ओके बाबा" म्हणाली आणि न जेवता गेली. मी आमटी-भात केला होता. दोघांचा केला होता, दोन दिवस पुरला.

त्याच सप्टेंबरात आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक मीनाक्षी हिचा फोन आला. "काका, एक जाहिरात ऐन वेळी कॅन्सल झालीय, बावन्न नंबरचं पान रिकामं आहे. काहीतरी द्या ना यार, प्लीज."

मराठी माणसाला दिवाळी अंकात आख्खं पान मिळालं की त्याचा तोल जातो. मी लेकीच्या जाकिटावर लिहिलं. नुसतं लिहून थांबलो असतो तर काय! आकृतीही काढली. समोरून, बाजूनं, वरून, मापांसकट, पट्टी बरोबर दोन मिलिमीटर वर धरून. कुणाही शिंप्यानं ते पान पुढ्यात ठेवावं आणि जाकीट शिवून मोकळं व्हावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अंकाच्या दोनशे प्रती निघाल्या, शिवाय मंडळाच्या वेबसाइटवर पीडीएफ चढलं. इशिताला मी काही सांगितलं नाही. तिला मराठी वाचता येत नाही. रविवारच्या मराठी शाळेत तिची गाडी 'ठ' ला थांबली होती.

आपण आपली वस्तू जगाला दाखवली की तिथून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हे मला त्या दिवशी वकीलबाईंकडून कळलं. अंक निघाला नोव्हेंबर २०२१ मध्ये. फेब्रुवारी २०२३ पर्यंत होतात पंधरा महिने. मी बोटांवर तीनदा मोजले.

मीटिंग संपल्यावर मीनाक्षीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, एका मिनिटात डिलीट करते. तिथं मराठी कोण वाचायला येतंय?"

"कर," मी म्हणालो.

तिनं खरंच एका मिनिटात केलं. मी वेबसाइट उघडून पाहिली, अंक नव्हता. कपाटातला माझा अंक काढला, पान बावन्न टराटरा फाडावं म्हणून धरलं. मग डोक्यात एक साधी गोष्ट आली. इशिताला शपथेवर विचारणार, कुठे छापून आलंय का? ती नाही म्हणणार, अगदी मनापासून. आणि ते खोटं आहे हे, मीनाक्षी सोडली तर, जगात एका माणसाला माहीत असणार, तो म्हणजे तिचा बाप. मी तिच्या तोंडून खोटं वदवणार होतो, आणि तिला पत्ताही लागला नसता.

पुन्हा फोन केला. "मीनाक्षी, परत चढव ते."

"काका, एकदा ठरवा ना काय ते!"

शनिवारी सकाळी अंक शेजारच्या सीटवर ठेवून दोन तास ड्राइव्ह केलं. फोनवर सांगता आलं असतं. पण माझा आवाज फोनवर सपाट येतो, म्हणजे तिला वाटलं असतं मला काही वाटतच नाही. प्रत्यक्षातही तो सपाटच येतो, पण निदान माणूस समोर दिसतो.

स्कीच्या उताराखाली, माणसांना वर नेणाऱ्या टांगत्या लिफ्टशेजारी, नारिंगी जाळी होती, तिथं उभा राहिलो. मला स्कीइंग येत नाही. थंडी अशी की पाच मिनिटांत पायाची बोटं गेली. इशिता वरून आली, लाल जाकिटात, छान वळणं घेत. मी हाक मारली. तिला ऐकू आलं नाही. मग तिनं मला पाहिलं आणि हनुवटी कॉलरला टेकवली.

"बाबा? हू डाइड?"

आमच्यात न सांगता दोन तास गाडी चालवून कुणी येत नाही. "कुणी नाही," म्हटलं. "आत चल, दाखवायचंय काहीतरी."

कॅफेटेरियात ओल्या मोज्यांचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास होता. मी अंक टेबलावर ठेवून पान बावन्न उघडलं. तिनं आकृती पाहिली. आकृतीला भाषा लागत नाही. तिचं बोट सरळ त्या दोन मिलिमीटरवर गेलं आणि तिथंच राहिलं.

"कधीचं आहे?"

"नोव्हेंबर २०२१."

तिनं मोजायला सुरुवात केली.

"पंधरा महिने," मी म्हणालो. "दोनशे प्रती. वेबसाइटवर पण आहे. मंगळवारी मी वकीलबाईंना नाही म्हणालो, ते खोटं होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. हे तिनं माझ्याकडून घेतलंय, तिची आई भांडी आपटायची. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार! तिनं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, परत वेगळे केले.

"व्हॉट डझ इट से? वाच. सगळं."

मी वाचायला लागलो. घरचं मराठी तिला कळतं, छापील मराठी डोक्यावरून जातं, म्हणून एक ओळ मराठीत मनात, मग तीच इंग्रजीत मोठ्यानं. बर्फात गाणी का ऐकतात, बोटं कशी बधिर होतात, पट्टी कुठे शिवायची, धागा कोणता. पंपाचं मॅन्युअल वाचावं तसं वाचलं. मग थांबलो आणि अंक मिटला.

"अजून आहे," ती म्हणाली. "खाली चार ओळी आहेत. आय कॅन काउंट, बाबा."

"त्या कामाच्या नाहीत. त्यात जाकिटाचं काही नाही."

"लॉयर विचारेल. वाच."

अंक परत उघडला. चष्मा पुसला. शेवटी एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. मूळ ओळी अशा होत्या:

'पोरीनं हे जाकीट दाखवलं तेव्हा मी तिच्या चुका काढल्या. खरं तर मला बोलताच येईना. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढली, माझं स्वतःचं असं एकही नाही. माझ्या इशितानं ते करून दाखवलं, आणि बघायला तिची आई नाही.'

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मेणबत्त्या विझवल्या, केक कापला.

"बाबा," ती म्हणाली, "हे तू मला सांगितलं असतंस ना, त्या दिवशी, किचनमध्ये, तर ते पब्लिकेशन झालं नसतं."

मला कायदा खरा तेव्हा कळला. घरात, मुलीला, तोंडानं सांगितलेलं कुठलीच कंपनी शोधून काढू शकत नाही. आणि तिला सांगितलं असतं तर पानभर लिहायला माझ्याकडे उरलंच नसतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फार मोठं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

तिनं फोन काढला. आधी अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो घेतला, मग पान बावन्नचा. कोपरा वाकडा येत होता, तो मला धरायला लावला. मी धरला. वकीलबाईंना तिनं दोन ओळी टाइप केल्या आणि मला न विचारता पाठवून दिलं. चार-साडेचार वर्षांचं काम, जायला दोन ओळींइतकाच वेळ लागला.

"आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. ते जाकीट विकणार. आपण पण विकू. कोणीही विकू शकतं." तिनं टिश्यूनं नाक पुसलं. "आय हॅव टू गो बॅक अप. लिफ्ट चारला बंद होते."

बाहेर आलो. माझ्या पायाची बोटं आत गरम झाली होती आणि आता ठणकत होती. बधिर झालेलं अंग परत येताना आधी दुखतं, हे मी त्या लेखात लिहिलेलं नव्हतं. मला वाईट वाटत होतं. पुष्कळ वाईट. बऱ्याच दिवसांनी वाटत होतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

तिनं बूट स्कींमध्ये अडकवले, कानात गाण्यांची ती दोन बटणं घातली, काठ्या उचलल्या.

"इशिता, फार छान केलंयस गं," मी म्हणालो.

ती तशीच पुढे सरकली. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून माझे ओठ हललेले तिला दिसले असावेत. थांबली, मागे वळली आणि हनुवटी कॉलरला टेकवली.

"काय म्हणालास?"

मागे लिफ्टची रांग होती, दहा-बारा माणसं ऐकत होती. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. पण म्हणालो, जमेल तेवढ्या मोठ्यानं, आणि संपेपर्यंत तिनं हनुवटी वर केली नाही.