अर्धं वाक्य

डॉक्टरांनी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. सुनंदाच्या मानेतल्या धमनीत औषध भरून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले होते. ग्वाल्हेरला ही सोय नव्हती, म्हणून लक्ष्मीकांत बायकोला घेऊन मुंबईपर्यंत आला होता. दीड महिना तिच्या डाव्या डोळ्यामागे ठणका लागला होता. पापणी मिटली ती उघडेना. बोटाने उचलली तर एकाचे दोन दिसत.

"धमनीला फुगवटा असावा अशी शंका होती. फोटोत तो दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. कधी कधी औषध त्यात शिरतच नाही. तीन आठवडे इथे राहा, पुन्हा फोटो काढू."

तीन आठवडे लक्ष्मीकांतकडे नव्हते. मध्य भारत राज्य मोडून नव्या मध्य प्रदेशात विलीन होत होतं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, आणि एक नोव्हेंबरला तिथे हजर व्हा असा हुकूम त्याच्या नावे आला होता. न गेलेल्या कारकुनाची जागा राहील का, हे कुणी सांगत नव्हतं.

सुनंदा बाहेर बाकावर मान धरून बसली होती. तिने उघड्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"सगळं साफ आहे," तो म्हणाला.

पुढचं अर्धं त्याने गिळलं. ग्वाल्हेरला पडाव मोहल्ल्यातल्या घरी पोचेपर्यंत त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. भेटेल त्याला तो तेच सांगत सुटला.

"तुम्ही चिंता नका करू," तो भोपाळला निघाला तेव्हा सुनंदा म्हणाली. "साफ आहे तर दर्द पण जाईलच की."

नवव्या दिवशी तार आली. तो परतला तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारच्या विजयाबाईंनी सांगितलं, की दुपारी मेथी निवडता निवडता डोक्यात काही फुटलं म्हणाली आणि कलंडली. मग शुद्धीवर आलीच नाही.

"आदल्या दिवशी फार तळमळत होती," विजयाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, तांगा बोलावते, अस्पतालात जाऊ. तर म्हणे, यांनी स्वतः विचारलंय डॉक्टरला, साफ आहे. उगाच कशाला."

 

तेराव्यानंतर तो भोपाळला कामावर परतला. सरकारी क्वार्टरचा अर्ज भरायचा होता. सोबत राहणाऱ्यांच्या रकान्यात त्याने सवयीने 'पत्नी' लिहिलं, मग खोडलं. हेडक्लार्कने कागद परत सरकवला. खाडाखोड चालणार नव्हती. त्याने दुसरा कोरा अर्ज मागून घेतला आणि सुबक अक्षरात पहिल्या ओळीपासून लिहायला बसला.