तेल भरपूर, तरी लाल दिवा

मी एक जुनी डिपस्टिक आहे, मित्रांनो. म्हणजे मोटारीच्या इंजिनात किती तेल आहे ते सांगणारी लांब, लवचीक पोलादी पट्टी. डोक्याला पिवळं कडं, टोकापाशी दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मधे असलं की सगळं ठीक. माझ्या जन्माच्या दिवशी कारखान्याचे मोठे साहेब स्वतः भोंगा वाजवायला आले होते. खोटं वाटत असेल तर भोंग्याला विचारा.

माझी मोटार डोंगरातल्या एका नर्सबाईंकडे गेली. बाई आसपासच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जात. तिथली थंडी काय सांगू! सकाळी माणसं चालू लागली की त्यांच्या सावल्या भिंतीलाच चिकटून राहत आणि ऊन वर आल्यावर धापा टाकत मालकांना गाठत. तरी आमचं इंजिन एका किल्लीत सुरू व्हायचं. बाई मला फडक्यानं पुसत, खुणा बघत आणि म्हणत, "शहाणी गं माझी!" तेव्हा मी चांगली दोन बोटं उंच होत असे.

मग बाईंचे धाकटे दीर कायमचे राहायला आले. त्यांनी जन्मभर तापलेल्या सपाट मुलखात ट्रक चालवला होता. वहिनींवर त्यांचा फार जीव. एका दुपारी त्यांनी इंजिनातलं तेल काढलं, बोटांत चोळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, हे तेल आहे की पाणी? गाडीला उपाशी ठेवता होय!"

"भाऊजी, पहिल्यापासून हेच घालतेय मी."

"म्हणूनच वाळलीय बिचारी. आता बघा कशी बाळसं धरते."

आणि त्यांनी आपल्या ट्रकचं घट्ट तेल वरच्या खुणेपर्यंत ओतलं. उन्हात इंजिन छान गुरगुरलं. भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला.

लवकरच कडाक्याची एक सकाळ उजाडली. वरच्या वस्तीवरून निरोप आला की पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यात. बाई पिशवी घेऊन धावत आल्या. किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं कण्हू लागलं. आत काय चाललंय ते मला दिसत होतं. तेल तळाशी गोधडीत गुरफटल्यासारखं बसलेलं. पंप ओढतोय, ते हलायला तयार नाही. शेवटी इंजिन सुरू झालं ते खडखडतच, कोरडं लोखंड लोखंडावर. समोर तेल पोचत नसल्याचा लाल दिवा लागला.

भाऊजींनी मला उपसून काढलं. "तेल तर फुल्ल आहे! दिव्याचं डोकं फिरलंय. निघा तुम्ही!"

मित्रांनो, मी खरंच सांगत होते. पण मला सांगता येतं ते फक्त 'किती'. 'कसलं' ते सांगणारी खूण माझ्या अंगावर कुणी कोरलेलीच नाही.

बाई छाती तपासावी तशा कान देऊन ऐकत राहिल्या. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"अहो वहिनी, तिकडे ती पोर अडलीय ना?"

"म्हणूनच. चढावर ही मेली तर मी ना तिची, ना हिची. ती बघा दुधाची गाडी येतेय, तिच्यातून जाते. आणि भाऊजी, घट्ट औषध बारीक सुईतून जाता जात नाही. एवढं ध्यानात घ्या."

भाऊजी एकटेच उरले. दोन्ही तेलांचे डबे रात्रभर बाहेर पायरीवर होते. त्यांनी बाईंचा डबा कलंडला, तेल सुळकन आलं. आपला कलंडला, तर तेल रुसलेल्या जावयासारखं तोंडाशीच अडून बसलं. मग कुठे त्यांनी इंजिनाच्या झाकणावरचे आकडे वाचले: पाच डब्ल्यू तीस. त्यांच्या डब्यावर होतं वीस डब्ल्यू पन्नास. पहिला आकडा गारठ्यातला. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत लवकर धावतं. दुसरा, इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं त्याचा. ट्रकला तेच तेल मानवायचं, कारण त्या सपाट मुलखातली पहाटसुद्धा तव्यासारखी तापलेली असे.

ऊन तापल्यावर त्यांनी घट्ट तेल काढून टाकलं, पातळ भरलं आणि मोटार घेऊन वस्तीवर गेले. बाई दारात हात पुसत उभ्या होत्या.

"मुलगी झाली. दोघी सुखरूप."

भाऊजींनी सुस्कारा सोडला. "वहिनी, तुमच्या गाडीचं पथ्य मी मोडलं."

"असू दे. आत बाळंतिणीची सासू तिला आत्ताच जड खाऊ घालायला बघतेय. अनुभवी माणूस म्हणून तुम्हीच जरा समजवा."

आता मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकते. हल्लीच्या कित्येक मोटारींत आमच्या जागी पडद्यावर आकडा उमटतो. तुमच्या घरच्या मोटारीत तेल घालायची वेळ आली, की मोठ्यांना हटकून विचारा: पुस्तिकेत कोणतं सांगितलंय? आपल्याकडे गारठा किती, ऊन किती? आणि कुणी मायेपोटी भलतंच ओतू लागलं, तर त्याचा हात धरा, पण त्याच्यावर रागावू नका. बाई भाऊजींवर रागावल्या नाहीत आणि भाऊजींनी पुढं मोटारीचं पथ्य कधी चुकवलं नाही. म्हणून तर आमचं इंजिन इतकं चाललं, इतकं चाललं, की शेवटी रस्ताच दमला.